कारवी लावणेबाबत

रंगराव देशमाने यांनी उभ्या आयुष्यात कोणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. पिंपरीच्या माळावर नव्याने निघालेल्या रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरमध्ये कारकून होते. डबे मोजायचे, डब्यांवरचे आकडे वहीत उतरवायचे, पाच वाजता सायकल काढायची आणि सहा मिनिटांत कारखान्याच्या वसाहतीत, आपल्या बावीस नंबरच्या क्वार्टरमध्ये पोचायचं. एवढा सरळ माणूस. अशा माणसावर अनधिकृत बांधकामाचा ठपका यावा, इस्टेट ऑफिसात त्याच्या नावाची जाडजूड फाइल तयार व्हावी आणि राहतं क्वार्टर जायची पाळी यावी, आणि हे सगळं एका झुडपापायी व्हावं, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं तर ते रंगात सापडतं. वसाहतीतली चाळीसच्या चाळीस क्वार्टर एकाच रंगाने रंगवलेली होती. कारखान्याच्या यादीत त्या रंगाचं नाव 'सोनसकाळ' असं होतं. प्रत्यक्षात तो शिळ्या पिठल्यासारखा दिसे. बाजारात तो कोणी घेईना, तेव्हा साहेबांनी तो कामगारांच्या कल्याणाकडे वळवला. त्यामुळे पुढे डोळ्यांना जरा विसावा मिळावा म्हणून जो तो दारापुढे फुलझाडं लावू लागला, आणि फुलझाडं आली तशी डिसेंबरातली बागांची स्पर्धाही आली.

स्पर्धा दरवर्षी जिंकत ते शेजारच्या तेवीस नंबरातले चिमाजीराव फोरमन. त्यांच्या दारात परातीएवढाले डेलिया फुलत. बक्षिसाचं रंगरावांना एवढं काही नव्हतं. त्यांना लागलं ते दुसरंच. पंचावन्न सालच्या स्पर्धेनंतर चिमाजीराव कुंपणाशी आले, रंगरावांच्या गुलबक्षीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमचीही बाग छान आहे हो रंगराव. साधी आहे."

आता 'साधी' हा काही अपशब्द नव्हे. साधी माणसं चांगलीच असतात, साधं वरण पचायला हलकं असतं. पण तो शब्द रंगरावांच्या गळ्यात माशाच्या काट्यासारखा अडकला. चार दिवस ते जेवताना मध्येच घास थांबवून "साधी म्हणजे काय?" असं विचारत. इंदुताई म्हणत, "म्हणजे साधी. आमटी घ्या."

इंदुताई रंगरावांच्या पत्नी. त्यांना बागेपेक्षा नळाचं महत्त्व. हे क्वार्टर मिळण्याआधी तीन वर्षं दोघांनी चिंचवडगावात एका खोलीत काढली होती. ती खोली पावसाळ्यात चार ठिकाणी गळत असे, आणि पाणी आणायला दोन गल्ल्या ओलांडून जावं लागे. इथे घरातच नळ होता, आणि तो फिरवला की बऱ्याचदा पाणी येई. इंदुताई सकाळी उठल्यावर देवाच्या आधी त्या नळाला हात लावत. रंगराव हे रोज बघत.

तर असं काहीतरी झाड पाहिजे होतं, जे पुण्याच्या कुठल्याच नर्सरीत नाही आणि चिमाजीरावांच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नाही. ते सापडलं कोंडाजीकडे. कोंडाजी रंगाची पिंपं ढकलायच्या कामावर होता. राहणारा मावळातला, कामशेतच्याही आत डोंगराला लागून असलेल्या वाडीतला.

"सायेब, कारवी लावा," कोंडाजी म्हणाला. "फुलली म्हंजी समदा डोंगुर जांभळा व्हतो. मानूस बघून येडा व्हतो."

"फुलते कधी?"

"साताला."

रंगराव बार्शीकडचे. तिकडे डोंगर नाहीत, कारवी तर मुळीच नाही. त्यांनी बोटांवर मोजलं, सातवा महिना म्हणजे जुलै. भर पावसात जांभळी फुलं! त्यांनी लगेच शब्द टाकला, आणि छप्पन सालच्या आषाढात कारखान्याचे लॉरी ड्रायव्हर युसुफभाई मुंबईहून येताना कामशेतला थांबून ओल्या पोत्यांत गुंडाळलेली अठरा झुडपं घेऊन आले.

इथे नियम आडवा आला. वसाहतीच्या अकराव्या नियमाप्रमाणे हातभरापेक्षा खोल खड्डा खणायचा तर इस्टेट ऑफिसची परवानगी लागे, कारण जमिनीखालून पाण्याचे नळ गेले होते. नेमके कुठून गेले होते हे इस्टेट ऑफिसलाही माहीत नव्हतं, म्हणून तर नियम एवढा कडक होता. बाकीचे लोक छापील इंग्रजी फॉर्म भरून देत. रंगरावांना मात्र आपल्या वळणदार मराठी अक्षराचा आणि त्याहून आपल्या भाषेचा अभिमान. त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: 'विषय: क्वार्टर क्र. २२ पुढे कारवी लावणेबाबत.' खाली दोन ओळींत विनंती केली आणि सही ठोकली. झुडपं पोत्यांत सुकायला लागली होती, म्हणून परवानगीची वाट न बघता त्याच संध्याकाळी खड्डे खणले. कायद्याच्या दृष्टीने रंगरावांचा पाय घसरला तो इथे.

इस्टेट ऑफिसचे हेडक्लार्क सबनीस. हे चिपळूणकडचे. चिपळूणकडच्या माणसाला कारवी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या बांधायच्या, वरून शेणमाती लिंपायची की झाला घराचा कूड. सबनिसांचा जन्म असल्या कुडाच्या आडोशाला झालेला. तेव्हा 'कारवी लावणे' याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता, आणि तो अर्ज त्यांनी बागेच्या फाइलला न लावता बांधकामाच्या फाइलला लावला.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. 'कारवी किती लांबीत लावणार? उंची किती? काम कोणाकडून करवून घेणार?'

एवढ्या आस्थेने चौकशी झालेली बघून रंगराव खूश झाले. त्यांनी उलटटपाली कळवलं, 'लांबी अठरा फूट. उंची आज कमरेइतकी, पुढे सहा ते आठ फूट. काम स्वतः केले आहे.'

'तात्पुरते की कायमचे?'

'कायमचे. दरवर्षी वाढत जाईल.'

हे वाचून सबनिसांनी म्हणे चष्मा काढून पुसला. आजवरच्या नोकरीत आपलं अनधिकृत बांधकाम दरवर्षी वाढत जाईल असं स्वतःहून लेखी कळवणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. त्यांनी विचारलं, 'आत कोणाचे वास्तव्य राहणार काय?'

रंगरावांना वाटलं, ऑफिसात कोणीतरी रसिक माणूस बसलेला दिसतो. त्यांनी मन लावून उत्तर लिहिलं. 'चिमण्या राहतीलच. मधमाश्याही मोठ्या संख्येने येतील अशी आशा आहे.'

फाइलवर तांबड्या शाईने शेरा पडला: 'विनापरवाना मधाचा धंदा?'

इकडे सत्तावन्न सालचा जुलै आला. पाऊस आला, कारवीला रुंद पानं आली, फूल मात्र एक नाही. चिमाजीराव रोज कुंपणाशी येऊन चौकशी करत. ते म्हणत, मुळाशी खडीसाखर घाला. युसुफभाईंचं म्हणणं, बकरीचं खत पाहिजे. पिंपरीगावातून दूध घालायला येणाऱ्या गोजाबाई म्हणाल्या, "आवं दादा, कारवीला खत घालत्यात व्हय? त्ये सरपान हाय." रंगरावांनी तिघांचंही ऐकलं, म्हणजे पहिल्या दोघांप्रमाणे वागले आणि तिसरीवर रागावले. ऑगस्टही फुलाविना गेला तेव्हा त्यांनी कोंडाजीला गाठलं.

"अरे, साताला फुलते म्हणालास ना?"

"व्हय की. साताव्या वरसाला."

रंगराव पिंपावर बसले. पिंप ओलं होतं, आणि त्या दिवशी हिरवा रंग चालू होता.

"आता कितवं चाललंय?" त्यांनी उठायची ताकद गोळा करत विचारलं.

"आसंल पाचवं. न्हाईतर सहावं."

त्या दिवसापासून वसाहतीत रंगरावांना पाहिलं की लोक कारवीच्या वयाची चौकशी करू लागले. "काय रंगराव, कन्या उपवर झाली का?" असं चिमाजीराव विचारत आणि आपल्या डेलियांना पाणी घालत. रंगराव हसत. घरी आल्यावर हसत नसत.

पुढचा उन्हाळा त्यांच्या मुळावर आला. पिंपरीच्या माळावरच्या उन्हाने कारवीचं पान न् पान झडलं आणि दारापुढे अठरा फुटांत उभ्या काठ्या तेवढ्या राहिल्या. तशातच इस्टेट ऑफिसचा पहारेकरी भैरू पाहणीला आला. त्याच वेळी दारात गोजाबाई दुधाचं माप घेऊन उभ्या होत्या आणि इंदुताईंना सांगत होत्या, "वैनी, ह्या कारव्या काढायच्या झाल्या तर मला द्या बरं का. माझ्या गोठ्याचा कूड पडलाय, त्याला लई झ्याक हायेत."

भैरूने एकदा गोजाबाईंकडे बघितलं, एकदा काठ्यांकडे बघितलं, आणि ऑफिसात जाऊन जे सांगितलं ते सबनिसांनी लिहून घेतलं. 'समक्ष पाहिले. कारव्या उभ्या आहेत. सारवण बाकी आहे.'

या अहवालावर वरच्या साहेबांची सही व्हायला श्रावण उजाडला. मग मात्र हुकूम सायकलवरून हातोहात आला: 'अनधिकृत कूड उभारल्याबद्दल क्वार्टर क्र. २२ का रद्द करू नये? खुलासा समाधानकारक नसल्यास पंधरा दिवसांनी समक्ष येऊन कूड पाडण्यात येईल व ताबा घेतला जाईल.'

रंगरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि 'कूड' या शब्दाशी आल्यावर दोन वर्षांचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्या डोळ्यांपुढून सरकला. चिमण्या, मधमाश्या, दरवर्षी वाढत जाईल. कागद खिशात घालून ते तडक इस्टेट ऑफिसात गेले.

"सबनीस साहेब, गैरसमज झालाय हो. ते झुडूप आहे. कारवीचं झुडूप!"

"देशमाने, मी चिपळूणचा आहे," सबनीस शांतपणे म्हणाले. "मला कारवी शिकवू नका."

"तुम्ही या, बघा. त्याला पानं आहेत."

"असणारच. ओली कारवी कुडाला लावली की पावसाळ्यात पाला फुटतोच. आमच्या माजघराच्या भिंतीला दरवर्षी फुटायचा. आई खुडून टाकायची."

"अहो, पण ते फुलझाड आहे!"

"फूल कुठाय?"

सबनिसांनी फाइलची नाडी बांधली. मग का कोण जाणे, जरा आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघा, कुडाला फूल आलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही. पंधरा दिवसांत मला एक फूल दाखवा. नाहीतर माझा नाइलाज आहे. यादीत तुमच्यामागे एकसष्ट माणसं थांबली आहेत."

घरी येऊन रंगरावांनी इंदुताईंना सगळं सांगितलं. लपवायचं फार मनात होतं, पण तोंडच सांगत होतं. त्यांना वाटलं, आता या रडतील, नाहीतर आपल्याला बोलतील. इंदुताईंनी दोन्हीतलं काही केलं नाही. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथून नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ वाहत राहिला, आणि भांडं तर खाली काही ठेवलेलं नव्हतं. रंगराव बाहेर बसून ऐकत होते. आपल्या हौसेने आपण बायकोचं घर घालवलं, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कोंडाजीची उलटतपासणी झाली. मागचा फुलोरा नेमका कोणत्या साली आला?

"थोरल्या पोरीच्या बारशाला," कोंडाजी ठामपणे म्हणाला. "पाळण्याला कारवीची फुलं बांधली व्हती."

"मुलगी किती वर्षांची आहे?"

"सात."

"नक्की?"

"शाळेत सात लिवलंय." मग त्याने डोकं खाजवलं. "पर त्ये मास्तरनं लिवलंय. सहाला घेत न्हवता शाळंत."

म्हणजे पोरगी सातची असेल तर घर राहणार, आणि सहाची असेल तर जाणार. कोंडाजी बायकोला विचारायला गावी गेला. आला तो सांगत, "ती म्हनती, त्या साली आमची तांबडी गाय मेली." गाय कोणत्या साली मेली हे विचारायला तो परत गेला, आणि मग चार दिवस आलाच नाही, कारण त्याचं भातखाचर फुटलं होतं.

वसाहत एकदम जागी झाली. रोज संध्याकाळी पाच-दहा माणसं कारवीपुढे उभी राहून शेंड्यांकडे बघू लागली. युसुफभाईंनी सुचवलं की सरळ जांभळ्या कागदाची फुलं चिकटवा, रंग आपल्याच कारखान्याचा लावू, पावसातसुद्धा जायचा नाही. चिमाजीराव तर एका संध्याकाळी स्वतः एक जांभळट डेलिया खुडून घेऊन आले. "दोऱ्याने बांधू या," ते म्हणाले. "माझ्याकडून." यंदाचा पहिलाच डेलिया होता तो, आणि चिमाजीरावांनी तो देठापासून कापला होता. त्यांचा चेहरा बघून रंगरावांना त्या 'साधी'चा राग एकदम कुठल्या कुठे गेला. पण त्यांनी मान हलवली.

"नको चिमाजीराव. सबनीस चिपळूणचे आहेत. ओळखतील."

इंदुताईंनी मात्र कोणाचा सल्ला घेतला नाही. इतके दिवस कारवीला "तुमची लाकडं" म्हणणाऱ्या त्या बाई आता सकाळी तांदळाचं धुवण घेऊन बाहेर यायच्या आणि एकेका झुडपाच्या बुंध्याशी ओतत काहीतरी पुटपुटायच्या. एकदा रंगरावांनी खिडकीतून ऐकलं. "आटप बाई," त्या म्हणत होत्या, "माणसं ताटकळली आहेत."

बाराव्या दिवशी शेंड्यांना हिरवी कणसं धरल्यासारखी दिसली. हात लावला की बोटं चिकट होत. तेराव्या दिवशी गोजाबाईंनी ती दुरूनच बघितली, दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "कळ्या हायेत ह्या. मी सरपान म्हनले त्ये परत घेते." चौदाव्या दिवशी कळ्या तशाच. चिमाजीराव कारखान्यात जाताना आणि येताना थांबून शेंडे बघून गेले. त्या दिवशी रंगरावांनी डबे मोजताना तीनदा चूक केली. इंदुताईंनी ट्रंक काढून तिच्यातलं सामान उगीचच नीट लावून ठेवलं.

पंधराव्या दिवशी सकाळी नऊला सबनीस आले. छत्री, फाइल, मोजायची टेप आणि मागे पहार खांद्यावर टाकलेला भैरू. रंगराव रजा टाकून दारात उभे होते. अठरा झुडपं हिरवीगार, पावसाने निथळत उभी, आणि त्यांच्यावर हजारभर घट्ट मिटलेल्या कळ्या.

सबनिसांनी टेप धरली. "अठरा फूट," ते म्हणाले आणि लिहू लागले.

"इकडे या जरा," आतल्या बाजूने इंदुताईंचा आवाज आला. त्या भिंतीकडून कारवीच्या मागे शिरल्या होत्या. केसांत पानं अडकली होती, पदर ओला झाला होता. "इकडून बघा. इकडून."

सबनीस छत्री मिटून वाकले आणि फांद्यांतून आत गेले. रंगराव त्यांच्या मागोमाग. तिथे भिंतीच्या बाजूला, ऊन पोचत नाही अशा जागी एक फूल उमललं होतं. एकच. बोटभर लांब, घंटेच्या आकाराचं, आणि जांभळं की निळं हे सांगता येऊ नये अशा रंगाचं. कारखान्याच्या यादीतल्या दोनशे चौदा रंगांत तो रंग नव्हता. रंगरावांना ती यादी पाठ होती.

सबनिसांनी आजूबाजूच्या फांद्या एकेक करून बाजूला सारून पाहिल्या.

"एकच आहे," शेवटी सबनीस म्हणाले.

"नियमात किती लागतात?" इंदुताईंनी विचारलं.

सबनिसांनी बोट पुढे केलं, फुलाला लावलं आणि झटकन मागे घेतलं. "मी सात वर्षांचा असताना वडील मुंबईला घेऊन आले," ते म्हणाले. ते कोणाला सांगत होते हे कळत नव्हतं. "तोवर रोज कुडाला पाठ लावून झोपायचो. सारवण सुटलं की आतली कारवी पाठीला टोचायची. घरातल्या प्रत्येक काठीला माझा हात लागलेला आहे हो. पण हिला असं काही येतं, हे मला कोणी सांगितलंच नाही."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला धोतराचा सोगा शोधू लागले. इंदुताईंनी पुढे होऊन आपल्या पदराचं कोरडं टोक दिलं.

"मग साहेब," रंगराव भीत भीत म्हणाले, "कूड नाही असं लिहाल ना?"

"ते कसं लिहिणार?" सबनीस एकदम हेडक्लार्क झाले. "कूड आहे यावर मोठ्या साहेबांची सही आहे. तो शब्द आता खोडता येत नाही."

भैरूने पहार खांद्यावरून खाली घेतली. इंदुताई कारवीच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि त्या बाजूला होणार नाहीत हे भैरूलासुद्धा कळलं. सबनीस पायरीवर बसले, फाइल गुडघ्यावर उघडली आणि पेन हातात धरून पुष्कळ वेळ त्या एका फुलाच्या दिशेने बघत राहिले. मग त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली आणि कागद रंगरावांपुढे धरला.

रंगरावांनी तो दोनदा वाचला आणि इंदुताईंच्या हातात दिला, आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला.

'समक्ष पाहणी केली. सदर कूड फुलला आहे. पाडू नये.'